खानदेशच्या पाण्याला काचेचाच फिशटँक

संपादक महोदय,

‘अ‍ॅक्रिलिकचा फिशटँक फुटत नाही, म्हणून तो जास्त टिकतो’ असे ग्राहकाला सर्रास सांगितले जाते. धक्का सोसण्यात अ‍ॅक्रिलिक, म्हणजे काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक, काचेच्या कितीतरी पुढे आहे, वजनही काचेच्या निम्म्याहून कमी. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ साली बोगदा केला तो अ‍ॅक्रिलिकचाच. पण खानदेशातल्या घरात टाकी किती वर्षे टिकणार, हे धक्क्यापेक्षा पाणी ठरवते.

आपल्याकडे अनेक घरांत बोअरचे क्षारांचे पाणी. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की टाकीतले पाणी झपाट्याने उडते, क्षार मागे राहतात, आणि वरून पुन्हा बोअरचेच पाणी ओतले जाते. पाण्याच्या रेषेवर पांढरा कडक थर धरतो. काचेवरून तो तिरप्या ब्लेडने खरवडता येतो. कोपऱ्यात काचा जोडणाऱ्या रबरासारख्या सिलिकॉनला तेवढे ब्लेड लागू द्यायचे नाही. अ‍ॅक्रिलिकवर ब्लेड चालतच नाही. तिथे व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून मऊ फडके थरावर दाबून ठेवावे लागते, तेही पुन्हा पुन्हा. स्पंजखाली वाळूचा एक कण अडकला तरी लांबलचक ओरखडा उठतो. ८००, १२००, २००० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरने) क्रमाने ओले घासून तो जातो, हे खरे. पण ओरखडा आतून असेल तर सगळी टाकी उपसावी लागते.

स्पिरिट आणि काच पुसायचा अमोनियाचा स्प्रे अ‍ॅक्रिलिकला कधीही लावू नये. केसासारख्या चिरांचे जाळे पडते आणि जोडाजवळ पडले तर टाकी तिथूनच जाते. अ‍ॅक्रिलिकचा जोड रसायनाने एकजीव केलेला हवा. नुसत्या सिलिकॉनने चिकटवलेली टाकी घेऊच नये, कारण सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही. शिवाय अ‍ॅक्रिलिक वाकते, पोट काढते. वरच्या काठाला आधाराची पट्टी नसेल तर लांब टाकी घेऊ नये.

काचेचे दुखणे वेगळे. ३ × १ × १.५ फुटांच्या टाकीत सुमारे १२५ लिटर, म्हणजे १२५ किलो पाणी. स्टँड किंचित जरी वाकडा असला तरी तळाची काच तडकते. लेव्हल लावून पाहावी, खाली अर्धा इंच थर्माकोल घालावा. जोडात बुडबुडे दिसले किंवा शेवाळ आत शिरू लागले, तर सिलिकॉन सुटत आहे असे समजावे. जुन्यावर नवे सिलिकॉन धरत नाही. आतला जुना थर पूर्ण काढून, काच स्पिरिटने पुसून, बुरशीनाशक नसलेले सिलिकॉन भरावे आणि आठवडाभर पाणी घालू नये. बाथरूमचे सिलिकॉन वापरले तर मासे मरू शकतात.

लहान मुलांची शाळा, दवाखान्याची वर्दळीची जागा, तिथे अ‍ॅक्रिलिकच योग्य. मात्र तिथेही उडालेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावी आणि पुसायला वेगळे, स्वच्छ सुती फडके ठेवावे.

– एक वाचक, भुसावळ