जुन्या पुस्तकांच्या स्कॅनसोबत तपासलेला मजकूरही द्यावा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

मी सोलापुरात अनेक वर्षे छापखान्यांसाठी मुद्रितशोधन केले आणि आता स्वामित्वहक्काची मुदत संपलेली जुनी मराठी पुस्तके ई-पुस्तकासाठी तयार करतो. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे उलटली की त्याचे लेखन सर्वांना खुले होते; १९१९ साली निवर्तलेल्या हरिभाऊ आपट्यांचे आणि गडकऱ्यांचे लेखन तर कधीचेच खुले झाले आहे. पण अशी पुस्तके वाचकाच्या हाती येतात ती बहुधा पानांच्या छायाचित्रांची पीडीएफ म्हणून. मोबाइलवर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते.

ओसीआरने, म्हणजे पानाच्या चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या संगणकीय यंत्रणेने, मजकूर काढला की खरे काम सुरू होते. 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो, ओळीअखेर तोडलेला शब्द तुटलेलाच राहतो आणि पानाच्या माथ्यावरचे पुस्तकाचे नाव वाक्याच्या मधोमध येऊन बसते. एका अंध विद्यार्थ्याला अशी फाइल ऐकताना मी पाहिले आहे. नायिका दाराशी आली, तोच सॉफ्टवेअरने पुस्तकाचे नाव आणि 'एकशे बारा' हा पृष्ठांक वाचला, मग उरलेले अर्धे वाक्य. दर पानाला तो मागे जाऊन वाक्य जुळवत होता. पद्याचे हाल तर याहून अधिक. आमच्या सोलापूरच्या शाहीर रामजोशींच्या लावणीतील यमके ओळींच्या मांडणीतून डोळ्यांना दिसतात. त्या ओळी मिसळून परिच्छेद झाला, की ध्रुपद कुठे संपले आणि कडवे कुठे सुरू झाले हे जाणकारालाही चाचपडत शोधावे लागते.

अनुस्वारांचा प्रश्न नाजूक आहे. १९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत 'घरांत', 'त्यानें' असे लिहिलेले असते. ओसीआर त्यांतील काही टिंबे टिपते, काही गाळते, आणि मग कोणी उत्साही माणूस उरलेलीही पुसून टाकतो. हे मला मुळीच मान्य नाही. यंत्राची चूक सुधारावी, लेखकाच्या लेखनाला हात लावू नये. 'दऱ्या'सारखा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे टंकता येतो. दोन्ही दिसायला सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो, म्हणून तेथेही एकच पद्धत ठरायला हवी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या निमित्ताने माझी विनंती एवढीच, की शासकीय संस्थांनी मुदत संपलेले पुस्तक संकेतस्थळावर ठेवताना पीडीएफसोबत तपासलेला युनिकोड मजकूर आणि ईपब, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी जुळवून घेणारे ई-पुस्तक, द्यावे. प्रकरणे, कडवी, तळटीपा यांच्या खुणा कशा करायच्या याची नियमावली प्रसिद्ध करावी. आणि विकिस्रोत या स्वयंसेवकांच्या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात एकाने तपासलेले पान दुसरा पुन्हा पडताळतो, तशी दुहेरी तपासणी मानधन देऊन करवून घ्यावी. जिल्ह्याजिल्ह्यांत निवृत्त मुद्रितशोधक आहेत, त्यांची नजर अजून तयार आहे.

रामजोशींच्या काही लावण्यांचा मजकूर मी मूळ छापील प्रतीशी ओळीओळीने ताडून ठेवला आहे. नमुना म्हणून तो विभागास विनामूल्य द्यायला मी तयार आहे. कोणत्या स्वरूपात पाठवावा, ते कळवावे.

आपला नम्र,
एक मुद्रितशोधक, सोलापूर