समुपदेशकाची वही कोण वाचणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संघटित धर्मावर बंदी असलेल्या उद्याच्या समाजाविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. त्या समाजात भटजी नाही, मौलवी नाही. दुःखाच्या घरी सरकारने नेमलेला ‘आध्यात्मिक समुपदेशक’ येतो. लेखकाचा राग मला समजतो. दिवसकार्यासाठी कर्ज काढलेली घरे आमच्या परभणीकडे मीही पाहिली आहेत. पण बंदी घालणारेच त्या समुपदेशकाला पगार देणार असतील, तर माझा त्याला ठाम विरोध आहे.

माती झालेल्या घरातली बाई काय काय बोलते! देवाला शिव्या देते, नवऱ्याच्या कर्जाचं बोलते, कधी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचंही बोलते. कडू घास घेऊन आलेल्या जावा-नणंदा, हरिपाठाला बसलेली म्हातारी माणसं ते ऐकून घेतात. कुठे नोंदवत नाहीत. उद्या याच बाईने गेलेल्या लेकरासाठी विठ्ठलाचं नाव घेतलं, तर समुपदेशकाने धीर द्यायचा की वहीत नोंदवून वरिष्ठांना कळवायचं?

धर्मावर अशी बंदी युरोपातल्या अल्बानियात खरोखर आली होती. १९६७ मध्ये तिथल्या मशिदी आणि चर्च बंद झाली, १९७६ मध्ये बंदी राज्यघटनेत गेली. लोक घरात लपून प्रार्थना करत राहिले आणि १९९० मध्ये पुन्हा उघडपणे जमले. नर्सीचे नामदेव, गंगाखेडची जनाबाई, तेरचे गोरोबाकाका यांना तर ना धर्मपीठाने नेमले होते, ना राजाने. तरी आमच्या आया-आज्यांनी रडताना त्यांचेच अभंग म्हटले.

शिकलेल्या समुपदेशकांना माझा विरोध नाही. उलट ते फार थोडे आहेत, हेच दुःख आहे. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात गावोगावच्या आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन विचारपूस करतात, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो गावोगावी भिंतीवर लिहिला पाहिजे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. लेखकाच्या समाजात निदान एवढा तरी हक्क असावा. समुपदेशकाची वही घरच्यांना विचारल्याशिवाय कोणत्याही अधिकाऱ्याला उघडता येऊ नये, आणि त्या घरात हरिपाठ म्हणणाऱ्यांवर गुन्हा दाखल होऊ नये. लेखाच्या पुढच्या भागात लेखकाने याचे उत्तर द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी