मॉनिटर घेऊन आलेल्या ताईंना

ताई,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. आपल्या फायटिंग गेमवाल्यांत सगळे एकमेकांना टॅगने, म्हणजे खेळातल्या टोपणनावानेच ओळखतात, आणि तो टॅगही मी इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला न विचारता तो चारचौघांत घेणं मला बरोबर वाटत नाही. फायनल संपली, मी निकाल नोंदवायला वळलो, तेवढ्यात तुम्ही सामान उचलून निघूनही गेला होतात. आभार मानायचे राहिले. ते राहून गेल्याची चुटपुट काही केल्या जात नाही, म्हणून हे उघड पत्र.

त्या मेळाव्यात फायटिंग गेमची स्पर्धा घ्यायची जबाबदारी माझ्यावर होती. मेळावा भरवणाऱ्यांनी आठ सेटअप, म्हणजे स्क्रीन आणि कन्सोलच्या आठ जोड्या कबूल केल्या होत्या. सकाळी पोचलो तर आमच्या वाट्याला एक कोपरा आणि भिंतीवर टांगलेले दोन मोठे टीव्ही. त्यांचे रिमोट कोणाकडे आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे चित्र उशीर न लावता दाखवणारा गेम मोड चालू करायचीही सोय नाही. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "चित्र तर छान मोठं दिसतंय, अजून काय पाहिजे?"

याचा मला अजूनही राग येतो. हे गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. चित्र गुळगुळीत करायच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो आणि त्यात बरेच फ्रेम खाऊन टाकतो. 'स्ट्रीट फायटर 6' मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा जोरदार फटका 26व्या फ्रेमला लागतो. तो आलेला दिसणं, मेंदूला कळणं आणि बोटाने बटण दाबणं यातच माणसाचे बारा-पंधरा फ्रेम जातात. उरलेल्यातले सहा-सात टीव्हीने गिळले, तर घरी महिनोन्‌महिने घासलेला माणूस सगळ्यांसमोर अडाणी ठरतो. हरल्याचं एवढं काही नसतं. पण आपण आपल्या खेळामुळे हरलो की टीव्हीमुळे, हेच कळेनासं झालं की ते फार लागतं.

आणि गणित बघा. 32 जणांची डबल एलिमिनेशन. विजेता सोडून प्रत्येकाला बाहेर जायला दोनदा हरावं लागतं, म्हणजे 62 मॅच. ग्रँड फायनलला तोवर न हरलेला हरला आणि ब्रॅकेट रीसेट झाला, म्हणजे फायनल पुन्हा खेळावी लागली, तर 63. दहा मिनिटांना एक मॅच धरली तरी दोन टीव्हींवर पाच तासांच्या वर. वेळ आम्हाला त्याहून बराच कमी दिलेला होता. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी असंच झालं होतं. ऐन टॉप 8 च्या वेळी तिथल्या लोकांनी येऊन सांगितलं की बक्षीस समारंभाला उशीर होतोय, राहिलेल्या मॅच एकेका गेममध्ये उरका. लोक लांबून आले होते. कोणी नीट उत्तरही दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलला नाही.

अशा वेळी तुम्ही दिसलात. तुम्ही खेळायला आला होतात, तुमची स्वतःची एंट्री होती. मी टीव्हीच्या मागे हात घालून बटण चाचपडत होतो. तुम्ही ते थोडा वेळ पाहिलंत, काही विचारलं नाहीत, आणि बाहेर जाऊन आपला मॉनिटर आणि कन्सोल घेऊन आलात. परत गेलात, दुसरा मॉनिटर आणलात. तुम्हाला बघून आणखी काही जण उठले आणि आपापलं सामान घेऊन आले. तासाभरात कोपऱ्यात चार चांगले सेटअप लागले आणि ते दोन टीव्ही बंद झाले.

आपला हा खेळ पहिल्यापासून असाच उभा राहिलेला आहे. आज फायटिंग गेमच्या ज्या इव्हो स्पर्धेकडे सगळं जग डोळे लावून बसतं, तिची सुरुवात 1996 साली कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला 'बॅटल बाय द बे' नावाच्या छोट्या स्पर्धेने झाली, आणि ती भरवणारे स्वतः खेळणारेच होते. इव्हो हे नाव 2002 मध्ये आलं. 2004 च्या इव्होमधली डायगो उमेहारा या जपानी खेळाडूची ती क्लिप आपण सगळ्यांनी पाठ केलेली आहे. समोरच्याच्या चुन-ली या पात्राच्या सुपरचा, म्हणजे मोठ्या हल्ल्याचा, एकेक फटका तो पॅरी करत, ऐन क्षणी परतवत जातो आणि मागे लोक वेडे होतात. ती बघताना मला हल्ली वेगळंच वाटतं. त्या दिवशी सकाळी लवकर येऊन केबली जोडणारं कोणीतरी असणार, आणि त्यांचं नाव घ्यायचं कोणाच्या लक्षात आलं असेल का?

दिवसभर तुम्ही काय काय सांभाळलंत ते सगळं लिहीत बसत नाही. वायरलेस पॅडवाला (पॅड म्हणजे हातातला कंट्रोलर) प्रत्येक जण उठला की "आधी अनपेअर कर", म्हणजे कन्सोलशी जोडणी तोड, एवढं तुम्ही शांतपणे सांगत होतात. त्यामुळे बाजूला गेलेल्या कोणाच्या पॅडचं बटण दाबलं गेलं आणि दुसऱ्याची चालू मॅच थांबली, असं एकदाही झालं नाही. पॉज झाला की राउंड जातो, आणि त्यावरून मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

पण ताई, मला आभार मानायचे आहेत ते एका खुर्चीचे.

तो मुलगा आठवतो ना? पहिलीच स्पर्धा होती त्याची. बटण चेकच्या वेळी हात इतके थरथरत होते की दोन बटणं अदलाबदल झाली आणि पुन्हा लावावी लागली. पहिली मॅच सरळ गेली, लूजर्समधली, म्हणजे एकदा हरलेल्यांमधलीही तशीच गेली. 32 जणांत 8 जण एकही मॅच न जिंकता बाहेर पडतात, ब्रॅकेटचं, म्हणजे सामन्यांच्या तक्त्याचं गणितच तसं आहे. म्हणजे दर चौघांमागे एक. त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. पुढची मॅच पुकारली जाते, गर्दी तिकडे सरकते, आणि यातले बरेच जण पुन्हा कधी दिसत नाहीत.

तो आपल्या स्टिकभोवती (दांड्याच्या कंट्रोलरभोवती) वायर गुंडाळत होता. मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. तुम्ही बाजूच्या मोकळ्या सेटअपवर ट्रेनिंग मोडमध्ये हात गरम करत होतात, कारण तुमची विनर्समधली, म्हणजे अजून न हरलेल्यांमधली मॅच जवळ आली होती. दोन्ही हात पॅडवर. तुम्ही पायाने शेजारची खुर्ची ओढलीत, त्याच्या बाजूला सरकवलीत आणि स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालात, "बस. उडी आली की तुझा अँटी-एअर उशिरा येतोय, बाकी हात चांगला आहे तुझा." अँटी-एअर म्हणजे उडी मारून येणाऱ्याला हवेतच मारायचा फटका.

म्हणजे तुम्ही त्याच्या मॅच बघितल्या होत्या. एवढ्या धावपळीत, ज्यांचा निकाल कोणाच्या लक्षात राहणार नव्हता अशा त्या दोन मॅच तुम्ही नीट बघितल्या होत्या.

मग तुम्ही डमीवर, म्हणजे सरावासाठी समोर उभ्या असलेल्या पात्रावर रेकॉर्डिंग लावलंत, कधी उडी, कधी नुसतंच पुढे चालत येणं, आणि स्टिक त्याच्या हातात परत दिलीत. आधी तो दर वेळी मार खात होता. तुम्ही एवढंच सांगितलंत, "त्याच्या अंगाकडे बघू नको. डोक्यावरची मोकळी जागा बघ. तिथे काही आलं की दाब." आणखी थोडे फटके खाल्ल्यावर एक लागला. मग दुसरा. मी ब्रॅकेटच्या टेबलावरून बघत होतो, त्याची पाठ सरळ झाली. तुमची मॅच पुकारली तेव्हा "चल, बघायला ये" म्हणून त्याला सोबत घेऊन गेलात. तो तुमच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि फायनलपर्यंत हलला नाही. सराव अर्धा टाकून तुम्ही खेळायला बसला होतात, त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. शेवटी चौथ्या आलात.

निघताना त्याने मला येऊन विचारलं, "पुढची कधी आहे?"

मोठमोठ्या बॅनरखाली कम्युनिटी, कम्युनिटी म्हणून भाषणं करणारे मी खूप ऐकले आहेत. त्याच लोकांनी आम्हाला बिनरिमोटचे टीव्ही दिले. साधी माणुसकी अशा भाषणांत सापडत नाही. समोरच्याला काय कमी पडतंय ते न विचारता ओळखणारी, आपलं सामान दुसऱ्याच्या हाती बिनधास्त देणारी, हरलेल्यालाही खेळाडू मानणारी माणसं आपल्या या खेळात आहेत. त्यांच्यामुळेच तो टिकून आहे, आणि हे मी अगदी मनापासून सांगतो. तुमच्यासारखी चार माणसं प्रत्येक स्पर्धेत असली तर मला आठ सेटअपच्या वचनाची गरजच नाही.

आता कामाचं. तुमची एक काळी एचडीएमआय केबल, टोकाला पिवळी टेप लावलेली, माझ्याकडे राहिली आहे. जपून ठेवली आहे. पुढच्या स्पर्धेत एक सेटअप ब्रॅकेटबाहेर ठेवायचं आम्ही सगळ्यांनी ठरवलं आहे. तिथे कोणाची मॅच लावायची नाही, बाहेर पडलेल्यांनी बसून खेळायचं, आणि एखाद्या जुन्या खेळाडूने आळीपाळीने तिथे थांबायचं. शेजारी रिकामी खुर्चीही ठेवणार आहोत. मॉनिटरची व्यवस्था या वेळी आम्हीच करतोय, उधारउसनवार करून का होईना. तुम्ही काहीही घेऊन येऊ नका. पॅड तेवढा आणा, आणि मॅचआधी हात नीट गरम करून घ्या.

तुमचा,
त्या दिवशी ब्रॅकेट सांभाळणारा