कोटेशन मागवण्याआधी पगारपत्रक मागवा

महोदय,

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात. क्लबहाऊसमध्ये खुर्च्या आम्ही वॉचमनच मांडतो आणि मग दाराशी उभे राहतो, त्यामुळे बोलणं कानावर पडतं. सिक्युरिटीच्या खर्चाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, आणखी दोन कोटेशन मागवा. सगळ्यात स्वस्त एजन्सी येते. माणसं तीच राहतात, बाहीवरचा बिल्ला बदलतो आणि नव्या युनिफॉर्मचे पैसे पहिल्या पगारातून कापले जातात.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. पुण्यात सिंहगड रस्त्याला एका सोसायटीच्या गेटवर असतो. ड्यूटी बारा तासांची. साप्ताहिक सुट्टी नाही, घेतली तर खाडा. रिलिव्हर आला नाही तर पुढचे बारा तासही आपलेच. हातात 16,500 पडतात. स्लिपवर मात्र आठ तास आणि 26 दिवस, म्हणजे 208 तास लिहिलेले. प्रत्यक्षात महिन्याला 360 भरतात. मधले 152 तास कुठल्याच कागदावर नाहीत. जादा तासांना दुप्पट दर द्यावा असं कायदा सांगतो. आम्हाला सरसकट धरून तासाला 46 रुपयेसुद्धा पडत नाहीत.

पीएफमध्ये 12 टक्के कामगाराचे आणि तेवढेच मालकाचे. आमचे दोन्ही हिस्से आमच्याच पगारातून जातात. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, "काका, ते सीटीसीत धरलंय." सीटीसी म्हणजे एका माणसामागे एजन्सीला येणारा एकूण खर्च. बरं, कापलेले तरी भरावेत! मुलीने मोबाइलवर पासबुक उघडून दाखवलं तेव्हा कळलं, आधीच्या एजन्सीने चार महिने काही जमाच केलेलं नाही. धायरीतल्या खोलीचं भाडं 6,500. बायको तीन घरी पोळ्या करते. मे महिन्यात ती मंडळी फिरायला गेली की तिचे तेवढ्या दिवसांचे पैसे कापतात. मुलगी अकरावीला आहे, तिच्या क्लासचं अजून ठरत नाही.

राज्यात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी 1981 चा कायदा आहे, त्याखाली रक्षकांची नोंदणी करून त्यांना कामावर पाठवणारी सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. जवळच्याच एका सरकारी कार्यालयात मंडळाचा गार्ड आहे. आठ तास, पीएफ, बोनस, भरपगारी रजा. काम आमचंच, फक्त त्याला दिवसातून शंभरदा डिलिव्हरीवाल्या पोरांना "त्या लिफ्टने जाऊ नको" असं सांगावं लागत नाही.

दिवाळीची बक्षिसी वाढवा असं मी म्हणत नाही. सभासदांनी खर्चाला हात वर करण्याआधी एजन्सीकडून गेल्या महिन्याचं पगारपत्रक आणि नावांसकट पीएफचं चलन मागून घ्यावं. दोन पाळ्यांच्या तीन केल्या तर एका गेटमागे एक माणूस वाढतो. त्याचे 20,000 धरले तरी दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत घरटी महिन्याला शंभर रुपये होतात.

आमच्यातलेच काही म्हणतील, आठ तासांच्या पगारात घर चालत नाही, बाराच बरे. खरं आहे ते. म्हणून आधी दराचं बोला, पाळ्यांचं मागाहून.

— एक सुरक्षा रक्षक, पुणे

(कृपया नाव छापू नये. नोकरीचा प्रश्न आहे.)