स्पीड टेस्ट नको, दुपारचा आलेख दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेट बंद पडण्याबद्दलची वाचकांची पत्रे आपल्या अंकात वाचली. राग रास्त आहे, पण कंपनीवाल्याला शिवीचं काही वाटत नाही. त्याच्यापुढे कागद ठेवावा लागतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात जॅकार्डची डिझाइनं करतो. फाइल पाठवणं, पार्टीला व्हिडिओ कॉलवर नमुना दाखवणं, सगळं एकाच फायबरच्या लाइनवर. यंदा मार्चअखेरीपासून रोज दुपारी कॉल तुटायला लागला. तक्रार केली की माणूस यायचा सकाळी अकराला. स्पीड टेस्ट लावायचा, १०० एमबीपीएस दाखवायचा आणि वर "तुमची पोरं व्हिडिओ बघतात, म्हणून लाइन भरते" असं ऐकवून जायचा. चार वेळा हेच झालं.

शेवटी भाच्याने जुन्या कॉम्प्युटरवर एमआरटीजी बसवून दिलं, म्हणजे लाइनवरून किती डेटा जातो याचा आलेख काढणारं सॉफ्टवेअर. टोबियस ओटिकर नावाच्या माणसाने हे १९९५ च्या सुमारास लिहिलं. तो काम करायचा तिथे बाहेर जाणारी एकच ६४ केबीपीएसची लाइन होती आणि ती कशी चालली आहे हे प्रत्येकाला बघायचं असायचं. रूटर स्वतः वेग सांगत नाही. विजेच्या मीटरसारखे बाइट मोजत राहतो. दर पाच मिनिटांनी तो आकडा घ्यायचा, आधीचा वजा करायचा, ३०० सेकंदांनी भागायचं आणि रेघ पुढे न्यायची, एवढंच.

पंधरा दिवसांत आमची लाइन एकदाही ३० एमबीपीएसच्या वर गेली नाही. पोरं निर्दोष सुटली!

मग त्याच ओटिकरचं स्मोकपिंग लावलं. ते दर पाच मिनिटांना वीस पिंग, म्हणजे पलीकडून लगेच परत यावेत असे छोटे संदेश, पाठवतं आणि किती परत आले, किती उशिरा आले, ते काढून दाखवतं. दुपारी एक ते पाच या वेळात वीसातले सात-आठ परतच येत नव्हते. रविवारीसुद्धा, कारखान्याला कुलूप असताना! एप्रिलमध्ये एक दिवस अवकाळीचं आभाळ भरून आलं, त्या दुपारची रेघ मात्र सरळ. तेव्हा माझी ट्यूब पेटली. कंपनीचा स्विच, म्हणजे आमची लाइन पुढे जोडणारं यंत्र, शेजारच्या शेडच्या पत्र्यावर, लोखंडी पेटीत, भर उन्हात होता. सोलापूरच्या एप्रिलमध्ये त्या पेटीत भाकरी भाजली असती.

आलेख छापून कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी त्यांचा आलेख काढला, वर्षभराचा, अगदी गुळगुळीत. गोम इथेच आहे. वर्षाच्या आलेखात एक ठिपका म्हणजे अख्ख्या दिवसाची सरासरी. चार तासांतली पिंगची ३५ टक्के गळती चोवीस तासांवर पसरली की सहा टक्क्यांच्या आत येते, नजरेतही भरत नाही. मी म्हटलं, "साहेब, नळाला चार दिवसांआड पाणी येतं, पण सरासरी काढली तर सोलापूरला रोज पाणी आहे." ते हसले. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन माणूस आला.

माझी मागणी छोटी आहे. तक्रार क्रमांकासोबत ग्राहकाला त्याच्या लाइनचा मागच्या सात दिवसांचा, पाच-पाच मिनिटांचा आलेख द्यावा. त्यात किती डेटा गेला आणि किती पिंग हरवले, दोन्ही हवेत. नुसता डेटा बघून आमच्या लाइनचं दुखणं कधीच कळलं नसतं. सकाळी अकराच्या स्पीड टेस्टला तर दुपारचं दुखणं दिसणारच नाही.

पेटी आता शेडच्या उत्तरेच्या भिंतीला, सावलीत आहे. मे महिना तिथेच गेला. दुपारी तीनलाही वीसच्या वीस पिंग परत येत होते.

आपला,
एक टॉवेल डिझायनर, अक्कलकोट रोड, सोलापूर