गोठ्याच्या लाईटीबद्दल

ती. बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गोठ्याच्या लाईटीचा विषय काढला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून हे लिहून पाठवतेय. वायरमनभाऊंना दाखवलंत तरी चालेल. दाखवाच.

त्यांचा बेत मला पटलेला नाही. घरातल्या प्लगवरून अडीचची (अडीच स्क्वेअर मिलिमीटरची) वायर वरनं ओढायची आणि एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण, "जरा मोठा, 32 अँपिअरचा, म्हणजे सारखा पडायची कटकट नको." बाबा, एमसीबी पडतो तो वायर वाचवायला. अडीचच्या वायरीला 32 चा लावला तर तो पडायच्या आधी वायरच तापणार. आणि ती जाणार कुठून, तर कडब्याच्या गंजीवरून!

कडबाकुट्टीची दोन एचपीची मोटर चालताना दहा-अकरा अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. घरापासून गोठा सव्वाशे फूट. त्या क्षणी अडीचच्या वायरीत 34 व्होल्ट वाटेतच जिरतात. संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. मग मोटर नुसती गुरगुरते आणि एक दिवस वाइंडिंग जळतं. तीन कोरची (आत तीन वायरी असलेली), सहा स्क्वेअरची तांब्याची आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाची केबल घेतली तर तीच घट 14 वर येते. महाग आहे, पण पैसा घालायचा तर इथं घाला, बोर्डाच्या चकचकीत दारावर नको. केबल अडीच फूट चरात, खाली-वर वाळू आणि त्यावर विटा.

32 चा एमसीबी घराकडच्या टोकाला ठीक आहे, कारण तिथून पुढं सहाची केबल आहे. गोठ्याच्या बोर्डात कडबाकुट्टीला 20 चा, सी प्रकारचा. बी प्रकारचा मोटर सुरू होतानाच पडू शकतो. दिव्यांना 6 चा पुरे. आणि 30 मिलीअँपिअरचे आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारं बटण) दोन, मोटरीला एक, दिव्यांना एक. एकात भागतं, पण पहाटे धारेच्या वेळी मोटरीच्या गळतीपायी आईला अंधारात बसायला नको. एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही, ते काम आरसीसीबीचं. त्याचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबायचं. हे आईकडे देते, बाबा विसरतील.

आता अर्थिंग. म्हशीचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून चार-पाच फूट लांब, खूर ओल्या शेणात. आपल्याला चपलेत जाणवणार नाही असा थोडासा करंटही तिला लागतो. मग ती हौदाला तोंड लावत नाही, पान्हा चोरते. आई, तू मागं म्हणालीस ना, "नवीन म्हैस दूध चढवते"? तिच्या खोडीला बोल लावण्याआधी दावणीच्या पाइपाला मीटर लावून बघू. दावणीचा पाइप, लोखंडी खांब, पाण्याची लाईन, सगळं एका वायरीनं अर्थला जोडून घ्यायचं. गोठ्याजवळ वेगळा रॉड ठोका आणि केबलचा तिसरा कोर घरच्या अर्थला न्या. पण गोठ्याच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधू देऊ नका. तसं केलं की आरसीसीबी सारखा पडतो, मग कुणीतरी तो काढूनच टाकतो.

बोर्ड गोठ्याच्या आत नको. शेणामुताच्या वाफेनं पत्रा गंजतो, म्हणून बंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, केबल खालून आत. कोल्हापुरात शाहूपुरीत मिळेल. वैरणीच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर लावा, 2019 च्या महापुराची खूण आहे तिच्या हातभर वर. आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर गेली, म्हणजे इशारा पातळी आली, की घराकडून गोठ्याचा मेन पाडायचा. 43 ची, म्हणजे धोका पातळीची, वाट बघायची नाही.

एवढं झाल्यावर घराचा मंजूर भार पुरतो का, ते बिलावर बघा. कमी पडला तर महावितरणकडे वाढवून घेऊ, अर्ज मी ऑनलाइन भरते. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. आपले भाऊ मनाचे चांगले आहेत, पण परवाना आहे का ते विचारा, लाजू नका.

चर बुजवायच्या आधी मला फोटो पाठवा. केबलचे पैसे मी आजच पाठवतेय, त्यावर वाद नको.

तुमची लेक