विजयदुर्गच्या खाडीतल्या माणसांचे मनापासून आभार

मुंबईहून शिडाच्या बोटीने मालवणला जाताना वाटेत ज्यांनी आम्हा दोघांना सांभाळून घेतलं, त्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

विजयदुर्गच्या तोंडाशी वाहून आलेलं जाळं बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंतलं आणि इंजिन बंद पडलं. दुपारचा वायव्येचा वारा भरात होता, बोट खडकांकडे सरकत होती. तेवढ्यात मासेमारीच्या बोटीवरून तिच्या तांडेलमामांनी (बोटीच्या प्रमुखांनी) हाळी दिली, "रवा थयच, मी येतंय!" त्यांनी दोर टाकला, ओढत किल्ल्याच्या आडोशाला वाघोटण खाडीत आणलं. तिथे तळाला चिखल, नांगर चांगला धरतो. मग त्यांचा पोरगा दातात सुरी धरून बोटीखाली गेला. वर येऊन दम घ्यायचा, पुन्हा बुडी. नायलॉनचा हिरवा गुंता वितळून दगडासारखा घट्ट झाला होता, तो त्याने धागा धागा कापून काढला. डिझेलचे पैसेसुद्धा मामांनी घेतले नाहीत. बंदरावर परतायची वेळ सोडून ते आमच्यासाठी थांबले होते, हे आम्ही विसरणार नाही.

शेजारी नांगरलेल्या बोटीवरच्या काका-काकूंनी रात्री गरम पेज दिली. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांतली वाट काकांनी आमच्या नकाशावर पेन्सिलीने काढून दिली. ते उत्तरेला निघालेले, त्यामुळे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा धरायला पहाटेच गेले. काकू, तुमचा डबा आमच्याकडेच आहे. कुठल्या बंदरात आणून देऊ, तेवढं कळवा.